मोती-मिश्रीची माफी

नीलमला गरीब गाय म्हणणारे लई भेटलेत मला. त्यांना मी एवढंच सांगते, बाबांनो, त्या गायीची शिंगं मी बघितलीत. मी नूरबी. जुन्नरच्या जुन्या बाजारात रमणलाल शेठच्या भुसार दुकानासमोर माझं शिलाईचं मशीन बत्तीस वर्षं चालतंय. गल्ली एवढी अरुंद की त्यांच्या माडीवर फोडणी पडली की शिंक मला येते. म्हणजे मी सांगते ते ऐकीव न्हाई.

नीलम मंचरची. एकविसाव्या वर्षी शेठच्या कल्पेशशी लग्न होऊन आली. सासू उगमबाई, तिला घरातले नि गल्लीतले सगळेच 'बाई' म्हणतात. जैन धर्माचं पाळण्यात बाई लई कडक. कांदा-बटाटा न्हाई, सूर्य बुडाल्यावर घोटभर पाणी न्हाई, आणि पाणी गाळल्याशिवाय तर न्हाईच न्हाई. ते तिचं तिला लखलाभ, मी कोण नावं ठेवणार? पण सुनेनं साडी कुठली नेसायची, माहेरी किती दिवस राहायचं, हे पण बाईच ठरवणार. वीस वर्षांत नीलमच्या तोंडून 'हो बाई' सोडून दुसरं उत्तर मी ऐकलं न्हाई. माझंच डोकं फिरायचं. मी म्हणायची, अगं, एकदा तरी दात दाखव. ती हसायची नि ब्लाउजचं कापड पुढं करायची.

मग तिच्या पोरीनं, रिद्धीनं, पुण्याहून दोन पांढरे उंदीर आणले. पोरगी तिकडं औषधशास्त्र शिकायला हॉस्टेलवर राहते. कुणा मैत्रिणीनं पाळलेले, तिला जड झाले, म्हणून हिनं उचलले. हॉस्टेलवर ठेवू देईनात. आईच्या गळ्यात पिंजरा घातला नि गेली निघून. उंदरांची नावं मोती आणि मिश्री.

आता भुसार दुकान म्हटलं की उंदीर आलेच. पण शेठच्या घरात उंदीर मारायचा न्हाई. रोज रात्री सापळा लावायचा, सकाळी जितका माल सापडेल तितका दुकानातल्या संपतनं कुकडी नदीच्या काठावर नेऊन सोडायचा. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. त्या घरात पाळीव उंदीर! बाईनं कपाळाला हात लावला. मारा म्हणता येईना, ठेवा म्हणवेना. शेवटी म्हणली, ठेव, पण ज्या दिवशी वास येईल त्या दिवशी हे घरातून जातील. त्या वर्षी चातुर्मासाला साध्वी गावात व्हत्या. त्या गोचरीला, म्हणजे भिक्षेला, दारी यायच्या. त्यांच्या नाकाला उंदराचा वास लागला तर इज्जत जाईल, हे बाईचं म्हणणं.

झालं, नीलमनं त्या वासाशीच लढाई मांडली. पहिल्या आठवड्यात तिनं रोज अख्खा पिंजरा घासून लख्ख केला. वास दुप्पट. बिचारी रडकुंडीला आली. रिद्धीनं फोनवर सांगितलं, मम्मी, त्यांचा स्वतःचा वास पार धुऊन काढलास की ते घाबरतात नि नव्यानं सगळीकडं मुततात. मग ती शिकली. ओले कोपरे रोज पुसायचे, पिंजरा आठवड्यातून एकदा व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं धुवायचा, आणि खालच्या कापडांपैकी एक जुनंच राहू द्यायचं. कापडं माझ्याकडची. लहान पोरांच्या थंडीच्या कपड्यांतलं मऊ कातरण मी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायची.

अंघोळ मात्र क्वचित. उंदीर स्वतःचं अंग दिवसभर चाटून साफ ठेवतो, तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त. पण नराच्या पाठीवर पिवळट तेलकटपणा येतो. मोतीला तो लई यायचा. मग दोन महिन्यांतून एकदा दुपारी माडीवर टब निघायचा. टबाच्या तळाला टॉवेल, पाय घसरला की जीव भेदरतो म्हणून. कोमट पाणी, पोटापर्यंतच. बाळाच्या शाम्पूचा एक थेंब. डोक्यावर पाणी न्हाई, कानात तर मुळीच न्हाई. शेपूट लहान पोराच्या मऊ ब्रशनं, वरून खाली, उलटं कधी न्हाई. मग दुसऱ्या पाण्यातून काढून कोरडं करायचं. मोती मुकाट्यानं नाहायचा. मिश्री तिच्या मनगटावरून खांद्यावर चढायचा नि तिथं अंग झाडायचा. नीलम मोठ्यानं हसायची. ते हसणं मी वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

बाईनं त्यात पण खोड काढली. उंदरांसाठी पाणी नासायचं म्हणजे पाण्यातल्या जीवांचं पाप. नीलमनं उलट शब्द काढला न्हाई. स्वतःच्या अंघोळीतले चार तांबे कमी केले, तेच उंदरांना. बाई रोज पिंजऱ्याशेजारी बसून माळ जपायची, खरं तर नाक लावून बसायची. साध्वी आल्या, पिंजऱ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभ्या राहून भाकरी घेतली नि गेल्या. त्यांना काही कळलं पण न्हाई. बाई हरली. आणि हरलेलं माणूस लई वाईट.

भाद्रपद जवळ आला, पर्युषण लागलं. त्यांचे आठ दिवस तपाचे. बाईनं सत्तराव्या वर्षी अठ्ठाई धरली, म्हणजे आठ दिवस अन्नाचा कण न्हाई, दिवसा नुसतं उकळलेलं पाणी. सहाव्या दिवशी सकाळी नीलम प्रवचनाला जैन स्थानकात गेली. तेवढ्यात बाईनं संपतला हाक मारली. सापळ्यातले नेतोस ना, हे दोन पण ने. पर्युषणात कोंडलेला जीव सोडला तर मोठं पुण्य लागतं.

आता मी म्हणते, बाईला खरंच पुण्य वाटलं असेल. त्यांच्यात जीव सोडवतात, मला माहीत आहे. पण पुण्याच्या पदराखाली तिनं काटा काढला, हे पण मला माहीत आहे. दुकानातला उंदीर नाल्यात जन्मतो, नाल्यात पळतो. हे दोघं हातावर वाढलेले. त्यांना बीळ ठाऊक न्हाई, कावळा ठाऊक न्हाई.

नीलम परत आली तर पिंजरा रिकामा. तिनं संपतला माझ्या दुकानात ओढत आणलं. तो खाली मान घालून बोलला, "बाहीर येईनात वो वहिनी. पिंजरा पालथा केला तवा पडले. एक माझ्या चपलंवर येऊन बसला. मी पाय झटाकला."

आमी दोघी काठावर गेलो. घाटाच्या पायऱ्यांखाली चिखल, कचरा, वर कावळे. मोतीचं काहीच सापडलं न्हाई. मिश्री एका दगडाच्या फटीत सापडला. गटाराच्या घाणीनं काळा झालेला, पाठीवर चोचीचे घाव. नीलमनं त्याला पदरात घेतलं. घरी न्हाई नेलं, माझ्याकडं आणलं. मी पाणी कोमट केलं. तिनं टबात टॉवेल अंथरला नि त्याला धुतलं, जसं नेहमी धुवायची तसंच. डोकं कोरडं ठेवून, घाव चुकवून. त्याच्या अंगावरची सगळी घाण निघाली, पांढरा झाला. मी इस्त्रीनं फडकं गरम करून दिलं. तो तिच्या मनगटावर चढला न्हाई. त्या फडक्यातच गेला.

मी तिथंच बाईच्या नावानं तोंडाला येईल ते बोलले. नीलम रडली न्हाई. टब विसळला, हात धुतले, म्हणली, "चाची, संवत्सरीला दोन दिवस आहेत."

मला तेव्हा कळलं न्हाई. संवत्सरी म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी नि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला प्रत्येकजण प्रत्येकाची माफी मागतो. हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं, समोरच्यानं पण तेच म्हणायचं, मिटलं. बाई दर वर्षी माझ्या मशीनपाशी येऊन पण म्हणते. नकार कुणी देत न्हाई. नकार देता येतो हेच कुणाला सुचत न्हाई.

ते दोन दिवस नीलम बाईचे पाय चेपत व्हती. पाणी उकळून गार करून देत व्हती. बाईला वाटलं, सून नेहमीसारखी गिळून गेली.

संवत्सरीनंतरच्या सकाळी उपास सोडायचा व्हता, पारणं. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, सगळीकडून पाव्हणे. मला पण बोलावणं व्हतं. बाई पाटावर बसली, समोर वाटीत मुगाचं पाणी. आधी सगळ्यांची माफी मागायची. शेठनं दिली, कल्पेशनं दिली, रिद्धी आली व्हती, तिनं तोंड दुसरीकडं करून दिली. मग बाईनं सुनेपुढं हात जोडले. सगळे कौतुकानं बघत व्हते.

नीलम म्हणली, "मी खमावत नाही." म्हणजे माफी देत न्हाई.

शेठ म्हणाले, अगं, दिवस कुठला आहे? नीलमनं शांतपणे सांगितलं की दिवस बघूनच बोलतेय. बाईनं तिला विचारलं, मी अभयदान दिलं, त्यात माझं चुकलं काय? तेव्हा नीलमनं सगळ्यांसमोर सांगितलं. चपलेवर येऊन बसलेला जीव, चोचीचे घाव, माझ्या घरातला टब. एकेक. आवाज चढवला न्हाई. मग म्हणली, "सगळ्या जीवांची माफी मागता ना, बाई? मग त्या दोघांची तिथं जाऊन मागा. नावं घेऊन."

कल्पेश बायकोच्या अंगावर धावला, शेठनं त्याला धरलं. बायका कुजबुजायला लागल्या. बाईनं मुगाच्या पाण्याची वाटी बाजूला सरकवली. आठ दिवसांचं तप, आणि एका जीवाचं वैर शिल्लक ठेवून ते सोडायचं कसं? तेवढी ती खरी व्हती. म्हणली, रिक्षा बोलवा.

रिक्षानं नेलं तिला. सकाळचा भर बाजार, आणि रमणलाल शेठची उगमबाई दोघांच्या खांद्यावर हात टाकून अनवाणी चिखलात उतरते! चहावाला किटली घेऊन तसाच उभा राहिला. बाई पडता पडता वाचली. कावळे उडाले. तिनं हात जोडले नि म्हणली, "मोती, मिश्री, मिच्छामि दुक्कडम्."

खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. त्या म्हातारीचे चिखलातले पाय बघून माझ्या काळजाला थंडावा मिळाला. अल्ला माफ करो.

घरी आल्यावर नीलमनं बाईचे पाय धुतले. वाटी स्वतः तिच्या ओठाला लावली. दोन घोट पोटात गेल्यावर बाईनं पुन्हा हात जोडले. डोळ्यांत पाणी, म्हणली, "आता तरी?"

नीलमनं तिची हनुवटी पदरानं पुसली. "तुमचं त्यांच्याशी मिटलं, बाई. माझं राहिलंय."

याला तीन वर्षं झाली. त्यांच्यात म्हणे वर्षाच्या वर राग धरला तर धरणाऱ्याचाच जीव बुडतो. हे मला नीलमनंच सांगितलं. मी म्हणले, मग सोड की आता, म्हातारी जिना उतरू शकत न्हाई, किती दिवसांची सोबती? तर म्हणली, बुडते मी, चाची, मला माहीत आहे. गल्लीत तिच्यासारखी सून न्हाई असं सगळे म्हणतात, आणि खोटं न्हाई ते. वेळेवर औषध, वेळेवर गरम फुलका.

यंदाच्या संवत्सरीला बाईनं अंथरुणावरूनच हात जोडले. नीलमनं तिच्या तळहातावर रक्तदाबाची गोळी ठेवली, पाण्याचा पेला पुढं केला नि म्हणली, "पुढच्या वर्षी."