अबू हानींचा नक्सा

अबू हानी गेले तेव्हा त्यांच्या इकाम्याचे, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याचे, अकरा दिवस शिल्लक होते. सकाळी क्लिनिकमध्ये पोचलो तर रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं, झोपेतच गेले. माझ्या तोंडून निघालं, "आणि त्यांचा व्हिसा?" माणूस गेल्यावर कुणी असं विचारतं का... पण गेले चार महिने आम्ही दोघं दुसरं काही बोलतच नव्हतो.

सौदीतल्या कतीफच्या त्या क्लिनिकच्या लॅबमध्ये आम्ही सतरा वर्षं शेजारी बसलो. मी दापोलीचा, ते तुलकरमचे पॅलेस्टिनी. मी रिपोर्ट हातावेगळा करून मोकळा व्हायचो, ते प्रत्येक नमुना पुन्हा तपासायचे. "यल्ला, आटपा अबू हानी," म्हणून मी वैतागायचो. त्यांच्या बोलण्यात "नक्सा झाला तेव्हा" असं सारखं यायचं आणि मी आपला नकाशा समजून मान डोलवायचो. शेवटी एकदा म्हणालो, "तो नकाशा दाखवा तरी!" ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नक्सा म्हणजे पीछेहाट. सदुसष्टच्या जूनमधली, सहा दिवसांतली. "हार म्हणायची लाज वाटली, म्हणून हा शब्द काढला," ते म्हणाले. "पण तू फारसा चुकला नाहीस. नकाशाही गेलाच."

तेव्हा ते दहा वर्षांचे होते. वडील शाळामास्तर. रेडिओ सांगत होता, आपलं सैन्य पुढे सरकतंय. वडिलांनी गल्लीत मिठाई वाटली. त्याच आठवड्यात गल्लीत इस्रायलचं सैन्य उभं राहिलं. सगळे अरब एक आहेत आणि इजिप्तचे अध्यक्ष आपली अठ्ठेचाळीस साली गेलेली जमीन परत आणतील, यावर वडिलांचा भारी विश्वास. थोरला भाऊ म्हणाला, "आता कुणी राजा येणार नाही, कुणी अध्यक्ष येणार नाही. आपलं आपणच बघायचं." तो जॉर्डन नदी ओलांडून लढणाऱ्यांत सामील झाला आणि परतला नाही. फॉर्मवर वडील शेवटपर्यंत 'अरब' लिहीत राहिले, भाऊ 'पॅलेस्टिनी'. घराघरात हेच भांडण झालं, असं अबू हानी सांगायचे. आई धाकट्याला, म्हणजे अबू हानींना, घेऊन नदीपलीकडे मामाकडे गेली होती. मागे इस्रायलनं शिरगणती केली, आणि त्या दिवशी जे बाहेर होते ते कायमचे बाहेरच राहिले.

"आणि तुम्ही काय लिहिता?" मी विचारलं होतं.

"मी? पासपोर्टात असेल ते."

पासपोर्ट जॉर्डनचा, पण प्रवासापुरता. त्यावर तिथे राहता येत नव्हतं. यंदा क्लिनिकनं त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. इकामा संपला की देश सोडायचा. जायचं कुठे? मुलगा हानी जर्मनीत, पण तिथला व्हिसा दोनदा नाकारलेला. रोज जेवण झालं की ते मोबाइलवर तारीख बघायचे आणि डबा न धुताच बसून राहायचे. "होईल काहीतरी," मी म्हणायचो. मला म्हणायला काय जातंय, माझी दापोली जागच्या जागी आहे... त्या वाक्याची मला आज लाज वाटते.

जनाज्याला आम्ही नऊ जण होतो. हानीला येता आलं नाही. इथल्या कबरींवर नाव लिहायची पद्धत नाही, एक दगड तेवढा ठेवतात. चार दिवसांनी हानीचा फोन आला: "अम्मो, काका, बाबांचा एखादा फोटो असेल तर पाठवा."

मी त्यांचा खण उघडला. आत फोटोच फोटो. कोणतं ऑफिस कधी मागेल नेम नाही, म्हणून हा माणूस दर सहा महिन्यांनी पासपोर्ट फोटो काढून ठेवायचा. सतरा वर्षांतले अबू हानी, पांढऱ्या पडद्यासमोर, तोंड मिटून, सरळ बघणारे. त्यातला बरा एक पाठवला.

"हसतानाचा नाही का?" हानीनं विचारलं.

माझ्या मोबाइलमध्येही नाही. महिना झाला, नकाशावरून ते कसे हसले होते ते त्याला लिहायला घेतो आणि खोडतो.