सैल पट्ट्याचा प्रश्न

पहिली नोकरी लागली तेव्हा संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या, एवढंच मला माहीत होतं. राहात्याच्या बाजारात पेरूचा व्यापार करणाऱ्या माणसाची मी मुलगी, नुकतीच बीएस्सी झालेली. रक्तदाबावरच्या एका अभ्यासासाठी भंडारदऱ्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर फिरायला माणसं हवी होती, म्हणून मी गेले. घरोघर जायचं, बायांच्या दंडाला पट्टा बांधायचा, मशिनवरचे आकडे मोबाईलमध्ये भरायचे. त्या आकड्यांतून काय शोधायचं, ते दूरच्या शहरातली मोठी मंडळी ठरवत. आम्ही फक्त आकडे आणून देणारे.

वाड्यांवरच्या बऱ्याच बायांचे दंड इतके बारीक होते, की पट्टा कितीही आवळला तरी सैलच राहायचा. एक आजी त्याच्याकडे बघून म्हणाली, "बाई, ह्यो पट्टा माझ्यासाठी आनलाय, का माझ्या म्हशीसाठी?"

ओसरीवरच्या सगळ्या हसल्या. मीही हसले. पण डोंगर उतरताना एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. एवढ्या सैल पट्ट्यानं आलेला आकडा खरा कशावरून?

आमच्या अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम महिन्यातून एकदा तालुक्याच्या गावी, अकोल्याला यायच्या. त्यांना विचारायला मला बराच धीर गोळा करावा लागला.

"पट्टा दंडाच्या मानानं मोठा असला की रक्तदाब आहे त्यापेक्षा कमी दिसतो, हे पुस्तकात आहे," त्या म्हणाल्या. "पण आपल्या वाड्यांवर त्यानं किती फरक पडतो, हे कुणी मोजल्याचं मला माहीत नाही."

"मग कोण मोजेल?"

"तूच मोज की. मी शिकवते."

त्या दिवशी परतीच्या एसटीत बसायला जागा रिकामी होती, तरी मी अर्ध्या रस्त्यापर्यंत उभीच होते. जागा आपल्यासाठी आहे हे लक्षातच आलं नाही.

मग मॅडमनी खरंच शिकवलं. एकाच बाईचा रक्तदाब नेहमीच्या पट्ट्यानं आणि लहान पट्ट्यानं, दोन्हींनी मोजायचा. आधी कुठला, हे आपण ठरवायचं नाही, चिठ्ठी उचलायची. मध्ये तिला स्वस्थ बसू द्यायचं. आकडा वाचायला माझ्याऐवजी माझ्याबरोबर फिरणारी सोबतीण, कारण मला जे हवं तेच मला दिसण्याची भीती. परवानगी देणाऱ्या समितीनं माझा प्रस्ताव दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा तो मंजूर झाला आणि मी आईला फोन केला, तर तिला वाटलं लग्न ठरलं.

पुन्हा आजींच्या ओसरीवर गेलो.

"आज दोनदा कशापायी?"

"आजी, पट्टा खोटं बोलतो का, ते बघायचंय."

"बग की. बोलत आसंल तर मलाबी सांग."

नेहमीच्या पट्ट्यानं आजींचा आकडा ठीक आला. लहान पट्ट्यानं बराच वर गेला. थोडं थांबून पुन्हा मोजलं, तरी तेच. माझ्या सोबतिणीनं डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. आजींना आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशी तपासून त्यांना गोळ्या सुरू केल्या.

मी आनंदानं मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजींचं चांगलं झालं. पण एका माणसावरून उत्तर ठरत नाही. काम पुरं कर."

काम पुरं झालं, तेव्हा त्यांनी मला संगणकासमोर बसवलं आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढली. मी बटण दाबलं. पडद्यावर आलेख उमटला. दंड जसजसा बारीक, तसतसा दोन पट्ट्यांतला फरक मोठा. रक्तदाब जास्त असलेल्या कितीतरी बायांना आम्ही 'ठीक आहे' सांगून आलो होतो. ही गोष्ट त्या क्षणी जगात फक्त आम्हा दोघींना माहीत होती. माझ्या तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"यावर आपण जो लेख लिहू, त्यावर पहिलं नाव तुझं," मॅडम म्हणाल्या.

"माझं? पण मॅडम, तुम्ही इतकं..."

"प्रश्न कुणाचा होता?"

वाड्यांवर फिरणाऱ्या सगळ्या पथकांना लहान पट्टे मिळाले. वडील बाजारात गिऱ्हाइकांना सांगत सुटले, "आमची पोरगी सवाल काढती, आन् त्याचं उत्तरबी तीच हुडकती." पेरू तोलता तोलता रक्तदाबाची माहिती.

लेख छापून येण्याआधी आम्ही वाडीवर जाऊन बायांना निकाल सांगितला. पारावर त्या दाटीनं बसल्या होत्या. मी दोन्ही पट्टे हातात धरून समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागं बसलेली, मांडीवर तान्हं बाळ घेतलेली एक बाई म्हणाली, "ताई, पट्टा ल्हान आनला, लई चांगलं झालं. पर आमचे दंड एवढे बारीक का हायेत, त्ये कवा बगनार?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि आम्ही बोलत राहिलो. ती काय खाते, आधी कोण जेवतं, पाणी कुठून आणते, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं. बाकीच्या बायाही सरकत जवळ आल्या, एकमेकींचं बोलणं तोडून सांगू लागल्या.

आता मी तिच्या त्या प्रश्नावरच पीएचडी करते आहे. घरात कुणीच केलेली नाही, त्यामुळे किती वर्षं लागतात ते कुणी विचारत नाही. माझ्या गटात चार मुली आहेत, दोघी त्याच वाड्यांवरच्या. सोमवारी आम्ही पहिल्यांदा एकत्र वर चढणार आहोत.