मठातला पेपर

माझं जर्मन किती पक्कं आहे, हे मी सासूबाईंना दाखवायला गेलो आणि तोंडावर कसा आपटलो, ते ऐकाच. चहा गार झाला तरी चालेल!

सासूबाई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. जन्मभर शाळेच्या पोरांना लेणी दाखवली. रेगेन्सबर्गला आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, इथला एखादा जुना मठ बघायचाय हो." बायकोला सुट्टी नव्हती. मग काय, मीच गाइड!

डॅन्यूबच्या वळणावरचा मध्ययुगीन बेनेडिक्टिन मठ. नदीवर इतकं धुकं, की अख्खा मठ पाण्यावर तरंगतोय असं वाटावं. आत दगडी कमानींची लांबच लांब ओवरी. कुठूनतरी लॅटिन स्तोत्रांचा गुंजारव.

"आई, इथले भिक्षू आयुष्यभर पोथ्या उतरवायचे. थंडीनं बोटं आखडायची, पण लेखणी थांबायची नाही."

आईंनी डोळे मिटून घेतले. माझीही समाधी लागत आली होती, तेवढ्यात एक जाड लाकडी दार दिसलं. वर पाटी: 'क्लाउझुर. प्रवेश बंद.'

आता मी एमएस इथेच केलेलं. क्लाउझुर म्हणजे लेखी परीक्षा! त्या शब्दानं माझी दोन वर्षं झोप उडवली होती.

"आई, हळू! आत पेपर चालू आहे."

"अगं बाई!" आईंनी बूट काढून हातात घेतले. अक्षरशः! मागून चार जर्मन पर्यटक गप्पा मारत आले, तर मी त्यांनाही दटावलं, "प्स्स्ट! क्लाउझुर!"

"हो, हो," म्हणत तेही चवड्यांवर चालायला लागले.

दार उघडलं. काळ्या झग्यातले एक वृद्ध भिक्षू बाहेर आले. चेहरा इतका शांत! पेपर सोपा गेला असणार. आईंनी भन्तेजींना करतात तसे हात जोडले. मी जर्मनमध्ये विचारलं, "कशी गेली क्लाउझुर?"

ते हसले. "तसं म्हणाल तर, अजून संपलेली नाही. चाळीस वर्षं झाली."

चाळीस वर्षं! मी आईंच्या कानात सांगितलं.

"एकाच पेपरला?" त्यांच्यातली शिक्षिका कळवळली. "त्यांना म्हणावं, खचू नका. ऑक्टोबरला पुन्हा बसा."

मी इमानेइतबारे भाषांतर केलं. वर पदरचं जोडलं, "मीही एकदा नापास झालो होतो. सुटाल तुम्ही!"

भिक्षूंनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि असे हसले की ओवरी घुमली. "अहो, मठातली क्लाउझुर म्हणजे आमची राहायची जागा! बाहेरच्यांनी तिथे यायचं नसतं."

पर्यटकही हसत सुटले. धुक्यात विरघळून जावं असं वाटलं मला. पण आईंना अर्थ सांगणं भाग होतं.

त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग बूट घालत म्हणाल्या, "प्रश्न आधी नीट वाचावा, जावईबापू. तुमचे मार्क तिथेच गेलेत."