मावशींचा निळा ड्रम आणि गाडीचा मागचा डोळा

मी मूळचा नांदेडचा, गोदावरीकाठचा. लातुरात येऊन बावीस वर्षं झाली, तरी भरलेल्या ड्रमाला किती मान द्यायचा असतो ते मला नीट कळलं नव्हतं. ते एका सोमवारी सकाळी, शाळेच्या घाईत, रिव्हर्स गियर टाकल्यावर कळलं.

आमच्या बोळात दोन घरं समोरासमोर आहेत. एक आमचं, एक मावशींचं. मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, अख्ख्या बोळाच्या त्या मावशी. त्यांच्या फाटकाबाहेर एक निळा ड्रम असतो. नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि नळाचा पाइप तेवढ्यापर्यंतच पोचतो, म्हणून ड्रम तिथे. मी या बोळात राहायला आलो तेव्हाही तो तिथेच होता. म्हणजे सेवाज्येष्ठतेनं तो माझ्या वरच.

त्या सोमवारी मी पोर्चमधून गाडी मागं घेतली. आरशात पाहिलं, मागच्या काचेतून पाहिलं, बोळ रिकामा. ड्रम काचेच्या खालच्या कडेला लपून बसला होता. 'ढब्ब' असा आवाज आला. नाटकात राजा पडतो तेव्हा पडद्यामागं भरलेलं पोतं टाकतात, अगदी तसा. शाळेच्या गॅदरिंगला ते पोतं मी स्वतः टाकत असल्यानं मला हा आवाज चांगला ओळखीचा आहे. मग दुसरा आवाज आला, पाण्याचा. दोनशे लिटर पाणी बोळातून उताराला लागलं आणि माझ्या शाळेच्या दिशेनं निघालं. त्याचा वेग बघता ते प्रार्थनेला वेळेवर पोचणार होतं, मी नाही.

मावशी बाहेर आल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पाण्याकडं पाहिलं, आडव्या ड्रमाकडं पाहिलं.

"कालच भरलता, गुरुजी," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी आमच्या बोअरचं पाणी बादल्यांनी नेऊन मी ड्रम काठोकाठ भरला. पाठ मोडून आली. मावशींनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"बोअरचं हाय. भांड्याला चालंल. डाळ शिजत न्हाई ह्याच्यात."

मग मी माझं खास अस्त्र काढलं. मी मराठीचा मास्तर. माझं अक्षर चांगलं आहे, असं मी नाही, शाळेतला फळा म्हणतो. दुसऱ्या दिवशी पांढरा ऑइलपेंट आणून ड्रमावर वळणदार अक्षरांत लिहिलं: 'पिण्याचे पाणी. गाडी सावकाश.' शेवटच्या टिंबाला थोडा दाब दिला. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"अक्षर लई चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण वाचणार कोण? तुमच्या गाडीच्या पाठीला डोळं हायत का?"

हे सगळं मी सहन केलं असतं. सहन झाली नाही ती वाटी. आमच्या दोन घरांत एक स्टीलची वाटी बावीस वर्षं ये-जा करते. आमच्याकडून काही गेलं की तिकडून काहीतरी येतं. आंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, काहीच नसलं तर मूठभर फुटाणे, पण वाटी रिकामी येत नाही. पौर्णिमेला आम्ही खीर पाठवली. वाटी परत आली ती घासून, पुसून, लखलखीत आणि रिकामी. बायकोनं ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली. त्यात माझा चेहरा दिसत होता.

"बघा," ती म्हणाली. "बावीस वर्षांत पहिल्यांदा. खीर मी केली होती आणि ड्रम तुम्ही पाडलात."

ती वाटी मला भरलेली परत हवी होती. शेजार आणि माणुसकी वगैरे मोठ्या गोष्टी होत्याच, पण मावशींच्या आंबाडीच्या भाजीसाठी मी यापूर्वीही पुष्कळ लाचारी केलेली आहे.

आता गाडीचं सांगतो. गाडीला कंपनीनं मोठा पडदा दिलाय. त्यावर गाणी लागतात आणि शाळेचा जो रस्ता मला पाठ आहे तो नकाशात दिसतो. पण मागचा कॅमेरा माझ्या मॉडेलला नव्हता, तो वरच्या मॉडेलला. मी नांदेडच्या माझ्या शाळूसोबत्याला फोन लावला. त्याचं तिथं गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसायचो. तो माझ्या वहीतून निबंध उतरवायचा, मी त्याच्या वहीतून गणितं.

"कंपनीनं तुला टीव्ही दिला, ॲंटेना नाही दिला," तो म्हणाला. "घेऊन ये. बसवून देतो."

रविवारी पहाटे निघून दुकान उघडायच्या आत नांदेडला पोचलो. त्यानं डॅशबोर्डचा पडदा इतक्या हळुवार उपसला की मला माझी दाढ आठवली. मागं वायरींचा गुंता होता आणि त्यात एक रिकामी जागा, कॅमेऱ्यासाठीच सोडलेली.

"बघ, जागा हाय. कंपनीची एक वायर कापायची नाही. कपलर टू कपलर, नुसतं खोबणीत खोचायचं," तो म्हणाला.

मग मला आत बसवून रिव्हर्स गियर टाकायला लावलं आणि स्वतः मागच्या दिव्याच्या वायरींना टेस्टर लावत बसला. गियर टाकल्यावर ज्या वायरीत करंट येतो ती सापडायला हवी, म्हणजे गियर पडला की कॅमेरा आपोआप जागा होतो. "टाक... काढ... टाक... काढ." नाटकाच्या तालमीत मी पोरांना जसा पिदडतो तसा त्या दिवशी मी पिदडला गेलो. डिक्कीच्या झाकणातल्या रबरी नळीतून वायर पुढं सरकेना, तेव्हा त्यानं खिशातून शॅम्पूची पुडी काढली आणि वायरीला फासली. वायर सळकन आत गेली. नंबरप्लेटच्या वर बोराएवढा काळा डोळा बसला. पडद्याच्या सेटिंगमधल्या कुठल्यातरी चोरकप्प्यात शिरून त्यानं कॅमेरा चालू केला. मी गियर टाकला आणि समोरच्या पडद्यावर मागची भिंत आली.

भिंतीवर 'येथे गाडी लावू नये' असं रंगवलेलं होतं. पडद्यावर ते उलटं दिसत होतं. 'ये' शेवटी, काना भलत्या बाजूला.

"हे काय?" मी विचारलं. "अक्षरं उलटी."

"उलटीच असतात, अरे, ते—"

"उलटीच असतात म्हणजे? तीस वर्षं मी पोरांना सुलटं लिहायला शिकवतोय आणि माझ्याच गाडीत मी उलटी मराठी वाचू? सुलटी होतात की नाही?"

"होतात, पण मग डावं—"

"कर मग."

त्यानं हात जोडले. निबंध उतरवायच्या दिवसांपासून माझ्याशी वाद घालणं त्यानं सोडलेलं आहे. कॅमेऱ्याच्या वायरीला बारीक तारांचे दोन छोटे वेढे लोंबत होते, एक पांढरा आणि एक हिरवा. त्यानं हिरवा कचकन कापला. पडद्यावर 'येथे गाडी लावू नये' टप्पोरं, सरळ, शुद्ध उमटलं. मी टाळ्या वाजवल्या. दुकानासमोरून जाणाऱ्या दोघांनीही वाजवल्या, कशासाठी ते न कळता.

गोदावरीच्या घाटावर नेऊन एकदा तपासूनही बघितलं. मागं मोकळं मैदान होतं आणि त्यात एक म्हैस, नेमकी मधोमध. मी मागं गेलो, म्हैस पडद्यात मोठी होत गेली, पडद्यावर 'आता थांबा' सांगणारी लाल रेघ असते, तिच्याशी आल्यावर मी ब्रेक मारला. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, कौतुकानं.

घरी आणायला अर्धापूरच्या कच्च्या केळ्यांचा एक घड घेतला आणि लोहा, अहमदपूर करत, नाकासमोर चालवत लातूर गाठलं. मधल्या वाटेत रिव्हर्सची वेळच आली नाही.

पडद्याचं उद्घाटन मावशींच्या देखतच व्हावं म्हणून आठवडाभर शाळेला पायी गेलो आणि पुढच्या रविवारी सकाळी बोळात प्रयोग लावला. मी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"मावशी," मी म्हणालो, "आता गाडीच्या पाठीला डोळा आहे. आधी ड्रम रिकामा करून एकदा बघू."

"काल नळ आलता. भरलेला हाय," मावशी म्हणाल्या. "आन् रिकाम्या ड्रमाला कुणीबी जपतंय. मी बसते आत. मला दाखवा."

पदर खोचून त्या माझ्या शेजारी बसल्या. डॅशबोर्डवरच्या बुद्धमूर्तीला हात जोडले, माझ्यावर तितका भरवसा नसल्यासारखे. बायको फाटकाशी हाताची घडी घालून उभी. ती माझ्या सगळ्या नाटकांची पहिली प्रेक्षक आहे आणि अजून एकदाही हसलेली नाही.

मी गियर टाकला. पडदा उजळला. मावशींचं फाटक, त्यांची तुळस आणि ड्रम. ड्रमावर माझं अक्षर.

"वाचा, मावशी."

"पिन्याचं पानी. गाडी सावकाश," मावशींनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी पसंती दिसली. मी ब्रेकवरचा पाय सैल केला.

"थांबा."

थांबलो.

"माझा ड्रम कुठल्या हाताला हाय, गुरुजी?"

"डाव्या."

मावशींनी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. मग पडद्याकडं पाहिलं. मग पुन्हा मागं.

"मग ह्यात उजव्या हाताला का हाय?"

मी पाहिलं. ड्रम उजवीकडं होता. मी मागं पाहिलं. फाटक आणि तुळस डावीकडं होती, म्हणजे ड्रमही डावीकडंच. ड्रमापासून लांब जायला मी पडद्याच्या भरवशावर गाडीचं बूड डावीकडं वळवणार होतो, म्हणजे थेट ड्रमाच्या अंगावर. माझा पाय ब्रेकवर लाकडासारखा घट्ट झाला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काय न्हाई," मावशी म्हणाल्या. "ह्यांच्या टीव्हीनं माझा ड्रम हलवला."

मी नांदेडला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हाव," शाळूसोबती म्हणाला, "हेच तर सांगून राहिलो होतो. आरशात जसं उलटं दिसतं तसंच त्यात दिसाया पाहिजे, तवाच डावं डावीकडं राहतं. तू ऐकशील तर ना. तुझ्या शुद्ध मराठीनं कुणाचं काय फोडलं आता?"

"अजून न्हाई फोडलं," मावशी परस्पर म्हणाल्या. "मी बसले होते म्हणून."

"कोण बोलून राहिलं?"

"ड्रमवाली."

तिकडून तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. मग उपाय सांगितला. डिक्कीच्या झाकणाचं आतलं कव्हर काढायचं, हिरव्या वायरीची कापलेली दोन टोकं शोधायची, सोलून एकमेकांना जोडायची आणि वर टेप गुंडाळायची.

कव्हर मी काढलं. टोकं सापडली. पण ती केसाएवढ्या तारांची, आणि माझी बोटं खडूची. तीनदा पीळ दिला, तीनदा सुटला.

"सरका," मावशी म्हणाल्या.

रोज सकाळी त्या देवासाठी वाती वळतात. त्यांनी तांब्याची दोन टोकं तळहातावर जवळजवळ ठेवली आणि अंगठ्यानं एकदाच फिरवली. वात तयार झाली, अशी की मी ओढूनही सुटेना. नळाला गुंडाळायची काळी टेप त्यांच्या घरात होतीच.

पुन्हा आत बसलो. गियर टाकला. ड्रम डावीकडं. त्यावरचं माझं अक्षर शेवटापासून सुरुवातीकडं, वेलांट्या पाठ फिरवून उभ्या, शेवटचं ते दाबून दिलेलं टिंब सगळ्यांच्या आधी.

"अक्षर गेलं," मी म्हणालो.

"जाऊ द्या. ड्रम जाग्यावर आला," मावशी म्हणाल्या. "आता घ्या मागं. सावकाश."

मी घेतली. गाडीचं बूड उजवीकडं वळलं, ड्रम पडद्याच्या डाव्या कडेनं सरकत गेला आणि बाहेर निघून गेला. एक थेंब हलला नाही. मावशी उतरल्या, ड्रमावरून हात फिरवला, झाकण नीट केलं आणि आत गेल्या. बायकोच्या हाताची घडी सुटली होती. त्याला मी टाळ्या समजलो.

दुपारी, आठवडाभरात पिकलेल्या अर्धापूरच्या केळ्यांचं शिकरण त्याच वाटीतून पलीकडं गेलं. संध्याकाळी वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"येईल," बायको म्हणाली. "किंवा नाही येणार."

मंगळवारी सकाळी मी शाळेसाठी गाडी काढायला बसलो. गियर टाकला. पडद्यावर ड्रम दिसला आणि त्याच्याशेजारी मावशी उभ्या, पदर खोचून, हातात वाटी, वाटीवर ताटली झाकलेली. पडद्यात वाटी त्यांच्या डाव्या हातात दिसत होती. मावशी डाव्या हातानं कुणाला काही देत नाहीत. म्हणजे यंत्र अगदी बरोबर चालू होतं.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या, "येऊ द्या, आजून हाय जागा."

मी लाल रेघेवर थांबलो आणि उतरून ताटली उचलली. आंबाडीची भाजी होती, वर लसणाची फोडणी. ती घरात ठेवून येतो म्हणालो आणि चमचा शोधण्यात शाळेला पाच मिनिटं उशीर झाला.