सासऱ्यांचा दिलदारपणा

निर्मळमध्ये माझ्या सासऱ्यांना सगळे दिलदार म्हणतात. आता दिलदार म्हणजे काय, तर जो देताना हात आखडत नाही तो. सासऱ्यांचा हात खरंच सैल आहे. फक्त तो कायम सासूबाईंच्या डब्यात असतो.

वाडीतली राजेळी केळी पिकली की सासूबाई सुकेळी करतात. सोललेली केळी उन्हात मांडायची, सारखी उलटायची, कावळे हाकलायचे, संध्याकाळ झाली की टोपलीत झाकायची. आठवडाभर ही बाई गच्चीवर भाजून निघते. सासरे तेव्हा खाली पंख्याखाली पेपर वाचतात. सुकेळी तयार झाली की मात्र ते उठतात आणि येईल त्याच्या हातात पुडा ठेवतात. "घ्या हो, घरचीच आहेत." पाहुणा अगदी भारावतो. सासूबाईंकडे कोण बघतंय!

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी एक पुडा वेगळा बांधून ठेवला होता. चांदीपला त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती. तिला अन्न जात नव्हतं, पण ताईच्या हातची सुकेळी मागत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जाणार होतो. सासऱ्यांना तसं बजावूनही ठेवलं होतं.

आदल्या संध्याकाळीच माणिकपूरहून त्यांचे एक वकीलमित्र आले. बाकीचे पुडे केव्हाच वाटून झालेले. सासऱ्यांनी सरळ कपाट उघडून तो पुडा काढला आणि दिला. माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तोच सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि पाहुण्यांच्या हातातून त्यांनी पुडा काढून घेतला. "हा आजारी माणसाचा आहे," म्हणाल्या, आणि मला स्कूटर काढायला सांगितली.

दिलेली वस्तू परत घेतली म्हणजे काय! सासऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावात अजून सासूबाईंना कोत्या मनाची म्हणतात.

चांदीपला त्यांनी सुकेळी दुधात कुस्करून बहिणीला भरवली. मावशींनी किती दिवसांनी चार घास खाल्ले. मला रडूच आलं. मग उशीला टेकून त्या समाधानानं म्हणाल्या, "ताई, भावोजींना सांग हो. एवढं आठवणीनं पाठवलं. त्यांच्यासारखा दिलदार माणूस शोधून सापडायचा नाही."

सासूबाईंनी पदरानं बहिणीचं तोंड पुसलं. म्हणाल्या, "सांगते."