वर्ष सरायच्या आधी पाहिलेला पिच्चर

घरातलं माणूस गेलं की गोव्यात आमच्या पेडण्यात वर्षभर सण करत नाहीत. चवथीला आम्ही गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली नाही. शेजारणींनी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणून दिल्या, त्या डब्यातच मऊ पडल्या. देवळात काला झाला, दशावताराच्या पेटीचे सूर घरापर्यंत आले, पण आम्ही कुणी बाहेर पडलो नाही. आणि अशा वर्षात एका सकाळी बायको चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "तो पिच्चर लागलो. माका बघूचो आसा."

कुठला, ते विचारायची गरज नव्हती. आमची एकुलती एक मुलगी त्याची वाट बघत होती. मोरजीच्या एका हॉटेलात ती रिसेप्शनवर काम करायची. कामावरून घरी येताना मोरजीच्याच रस्त्यावर तिची स्कूटर घसरली आणि समोरून गाडी आली. ती गेली तेव्हा तो चित्रपट यायला बरेच महिने होते.

चित्रपट सुपरहिरोचा, पण हसण्याखेळण्यातला नव्हे. अंगात शक्ती यायच्या आधी त्या माणसाचं काय काय झालं, त्याची काळीकुट्ट गोष्ट. मुलीने मोबाइलवर त्याची झलक मला पुन्हा पुन्हा दाखवली होती आणि दर वेळी आमचं वाजायचं. मी दशावतारावर वाढलेला माणूस. आमच्याकडे राजा येतो, मी अमुक देशाचा राजा म्हणून छाती पुढे काढतो आणि तलवार उपसतो. तो राजा कसा झाला, लहानपणी त्याला काय लागलं-खुपलं, याच्याशी कुणाला काय देणंघेणं? आणि संकासुर येऊन पोट धरून हसवत नसेल, तर माणसं चणे खात उजाडेपर्यंत बसतील कशाला? मी तिला म्हणायचो, "अगो, उडूचा सोडून हो रडता कित्या?" ती चिडायची. "बाबा, तेचा दुख्ख कळ्ळ्याबगर तेच्या मारामारीक किते अर्थ? तू बघ, थेटरात तूच रडतलस."

त्या सकाळी मला रडण्याची भीती नव्हती. भीती बायकोची होती. ती प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. मुलगी गेल्यापासून शाळेत पाऊल टाकलं नव्हतं आणि रजा संपत आली होती. माझ्याशी बोलणंही आटत आटत कामापुरतं उरलं होतं. वाढू का, बिल भरलं का, एवढंच. माझं काय चुकतंय ते कळत नव्हतं, आणि विचारायला जीभ रेटत नव्हती. चहा पिऊन झाल्यावर तीच म्हणाली, "पिच्चर बघून माका नार्व्याक सोडा. भावाकडे रवतंय."

"किते दिवस?"

"माका खबर नाय."

एवढ्या वर्षांच्या संसारात ती माहेरी जाताना परतीचा दिवस सांगून जायची. तिने बॅग गाडीत ठेवली. ही परत येणार नाही, असंच मला वाटलं.

निघताना शेजारच्या काकीने कुंपणावरून विचारलंच, "वरस जावंक नाय आनी जोडीन खंय चल्लात?" डिचोलीला थोडं काम आहे, अशी थाप मी मारली. बायको शांतपणे म्हणाली, "पिच्चराक."

पर्वरीच्या थेटरात दुपारचा खेळ, हिंदीत डब केलेला. आमच्या मागे कॉलेजातली मुलं बसली होती. पहिल्या दहाएक मिनिटांत हिरोचा धाकटा भाऊ आगीत गेला. त्यानंतर सगळा अंधार. हिरो कामावर जात नाही, कुणाशी बोलत नाही, भावाच्या चपला उचलतो आणि पुन्हा होत्या तिथेच ठेवतो. मागून एकाने विचारलं, "हो उडतलो केन्ना रे?" सगळे खदखदून हसले. एरवी मीही हसलो असतो. हा उडणार कधी, हे बिचाऱ्याने माझ्याच मनातलं विचारलं होतं. मग एकेकाचे मोबाइल पेटायला लागले. मध्यंतरात पॉपकॉर्न आणायला गेलेले बरेच जण परत आलेच नाहीत.

बायको मात्र खुर्चीच्या कडेवर येऊन बघत होती. हिरोची आई सवयीने तीन ताटं घेते आणि एक परत फळीवर ठेवते, असा एक प्रसंग होता. त्यावर ना संगीत, ना संवाद. बायकोने पदराचा बोळा तोंडात धरला. मी दारावरच्या लाल दिव्याकडे बघत राहिलो. रडायचं नाही, असं ठरवूनच मी आलो होतो. पण मुलगी म्हणायची ते मला तिथे पटलं. ज्याच्या घरात असं ताट कमी झालंय, त्याला तो अंधार लांबलेला वाटत नव्हता.

शेवटी हिरो उठला. भावाच्या दुःखातूनच म्हणे त्याला बळ आलं. ढोल वाजले, तो छपरावर चढला आणि एकदाचा उडाला. उरलेल्यांनी शिट्ट्या मारल्या. चला, गाडी रुळावर आली, असं मनात म्हणत मी बाजूला बघितलं, तर बायको मागे टेकून बसली होती. पडद्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

गाडी म्हापशाजवळ आली. मग ती म्हणाली, "अर्धो पिच्चर खरो. मागीर तेंनी फटी मारल्यानी."

"खोटा किते तेतूंत?"

"दुख्खान बळ येता म्हणान. माका खंय इला? पोरांका पाढे शिकवूक जाय, तितलाय माझ्याकडे नाय." ती पुढे म्हणाली, "तुमका इला. येता तेका तुमी सांगतास, देवान बळ दिला म्हणान. हांव रांदपा कुडीत आयकतंय. तुमी फुडे गेलात आनी हांव थंयच रवलंय. तुमच्याकडे बोलूचा तरी किते?"

समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला मी ओसरीवर तेच सांगत आलो होतो, हे खरं. लोकांना तेच ऐकायचं असतं. शिवाय आत स्वयंपाकघरात बायको ऐकतेय, तिला धीर येईल, असं मला वाटायचं. तिला त्या वाक्याने घरात एकटं पाडलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. म्हटलं, "माका खंयचा बळ? मोरजीचो रस्तो लागता म्हणान हांव वळसो घालून ऑफिसात जातंय. येतनाय तसोच."

ती माझ्याकडे वळली. "रोज?"

"रोज."

मी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी रडलो, मोठ्याने, लाज सोडून. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत बाजूने जात होत्या. उगी राहा, असं ती म्हणाली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून तीही रडत होती. आम्ही दोघं एका वेळी असं रडलो ते त्या दिवशी पहिल्यांदा.

बऱ्याच वेळाने तिने माझा चष्मा काढून पदराने पुसला आणि परत माझ्या हातात दिला. पुढे म्हापशाला रस्ते फुटतात. सरळ पेडणे, उजवीकडे डिचोली आणि तिथून नार्वे. मी घाबरत घाबरत विचारलं, "खंय जावया?"

"नार्व्याक," ती म्हणाली.

मी मान हलवली आणि गाडी सुरू केली.

"तुमीय रवा थंय," ती म्हणाली. "भाव माझो कायच विचारचो नाय. रडलात तरी चलता."

"हांवे कपडे घेवंक नाय गो."

"तेची लुंगी न्हेसा."

मी गाडी डिचोलीच्या रस्त्याला घातली.