अंग पोरीचं, परवानगी बापाची

मंडळी, डोकं अजून फणफणतंय, म्हणून आल्या आल्या लिहायला बसले.

आज अकोल्याहून वरूडला भावाकडे गेले होते. माझी भाची सोळा वर्षांची. हातांवर कोडाचे पांढरे डाग, म्हणून भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांत कोंडलेली. आज मात्र पोरीनं अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घातला होता! "आत्या, आमच्या ग्रुपमधल्या पोरींनी हिंमत देल्ली," म्हणाली. असेच डाग असलेल्या मुलामुलींचा, एका ॲपवरचा तो ऑनलाइन ग्रुप आहे.

तेवढ्यात भावाच्या मोबाइलवर मेसेज आला. नव्या कायद्यामुळे त्या ॲपला आता अठराच्या आतल्या मुलांसाठी आईबापाची परवानगी लागते. ग्रुपच्या नावातच 'कोड' वाचलं आणि भाऊ भडकला.

"चार लोकाइले मालूम पडलं त सोयरीक येईन का हिले?"

मी म्हटलं, "अरे, तिले तिथं धीर भेटते."

"धीर द्याले आमी मेलो का घरात?" म्हणत त्यानं 'नाही' दाबलं.

धीर! पाहुणे आले की हाच माणूस पोरीला आतल्या खोलीत बसवतो.

मुलं सुरक्षित राहावीत, मलाही वाटतं. पण जो बाप डाग लपवायला लावतो, त्यालाच विचारायचं, की पोरीनं डागांबद्दल बोलावं का? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?

मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत सोडायला आली. अंग भाजणारं ऊन, आणि हातांवर पुन्हा पूर्ण बाह्या.

खरं सांगा, हा मेसेज तुमच्या मोबाइलवर आला असता, तर तुम्ही काय दाबलं असतं?